तिवराची मुळे आणि लेकीचा निबंध

आज माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने खारफुटीवरचा शाळेचा निबंध चॅटजीपीटीकडून लिहून घेण्याचा हट्ट धरला, तेव्हा तिला नुसते दटावण्याऐवजी मी धारावीजवळच्या माहीम निसर्ग उद्यानात घेऊन गेले. आज दाट झाडी असलेली ही जागा एकेकाळी कचराभूमी होती, यावर तिचा विश्वासच बसेना. मिठी नदीकाठी ओहोटीच्या चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली, तिवर या खारफुटीच्या झाडाची श्वसनमुळे पाहून तिने विचारले, "आई, ही झाडं नाकं वर काढून बसली आहेत का?" चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीनेच ते वापरण्यासाठी किमान १३ वर्षे वयाची अट घातलेली आहे, पण मला त्या अटीपेक्षाही हा प्रश्न तिच्या स्वतःच्या डोक्यात उगवला, याचे मोल अधिक वाटते.

घरी आल्यावर तिने आधी आपल्या शब्दांत दहा ओळी लिहिल्या आणि मगच, माझ्या फोनवर, मी स्वतः टंकून, खारे पाणी या झाडांना कसे सोसते एवढे एकच आम्ही चॅटजीपीटीला विचारले. तिवराची पाने जादा मीठ बाहेर टाकतात, हे वाचताच तिने पुढच्या रविवारसाठी भिंग दप्तरात भरून ठेवले आहे.