एसएमपीएसची घरघर

गेल्या थंडीत आमच्या संगणकाला पहाटेचा खोकला जडला. बटण दाबले की आधी घरघर, मग किरकिर आणि दहा-पंधरा मिनिटांनी, चहा पोटात गेल्यासारखी, शांतता. माझा संशय आधी हार्ड डिस्कवर होता. परंतु वर्तमानपत्राची सुरळी करून तिचे एक टोक कानाला आणि दुसरे एकेका भागापाशी धरले, तेव्हा खरा दोषी सापडला. तो एसएमपीएसमधला, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यातला, ८० मिलिमीटरचा पंखा होता. अशा स्वस्त पंख्याचा दांडा बॉल बेअरिंगऐवजी तेल मुरवलेल्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या छोट्या नळीत, फिरतो; वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते तेल आटते, उरलेसुरले थंडीत घट्ट होते आणि जरा ऊब येईपर्यंत पंखा कुरकुरत राहतो.

‘‘काका, नवीन एसएमपीएसच घ्या, पंख्यासाठी कोण उघडत बसतं?’’ असे दुकानातल्या मुलाने सुचवले. ज्याला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचे यंत्र, धरता येत नाही, त्याने हा सल्ला खरोखरच मानावा; कारण या डब्याची वायर भिंतीतून काढली, तरी आतली वीज लगेच जात नाही. आपल्या घरातली २३० व्होल्टची वीज आत शिरताच एकदिश होते आणि साधारण ३२५ व्होल्टच्या दाबाने कपॅसिटरांत साठते. माझ्या जुन्या डब्यात असे अंगठ्याएवढे दोन कपॅसिटर शेजारी शेजारी बसलेले होते, आणि ते रिकामे करणारे रोधक शाबूत असतीलच, याची हमी बाहेरून मिळत नाही.

म्हणून मी वायर काढली, संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरले आणि काम दुसऱ्या दिवसावर टाकले. काही मंडळी कपॅसिटर रिकामा करायला त्याच्या दोन टोकांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडतात आणि वर त्याला अनुभव म्हणतात. ते शौर्य मला कधीच पटलेले नाही. सकाळी चार स्क्रू काढून झाकण उचलले, अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना हात न लावता मल्टिमीटरच्या पिना दोन्ही कपॅसिटरांवर आळीपाळीने टेकवल्या, आणि दोन्हीकडे एक व्होल्टसुद्धा दिसला नाही, तेव्हा कुठे श्वास सोडला.

आत जुन्या गोधडीतल्या कापसासारखी करडी धूळ पसरलेली होती. पंख्याच्या पात्यांच्या कडांवर तर तिची जाड किनारच शिवल्यासारखी दिसत होती. पाठीवरचा गोल कागद सोलून पाहिला, तर तेलाच्या जागी काळा डिंक. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब टाकले असते, तर काही महिने निघालेही असते. परंतु एवढे उघडल्यावर उधारी कशाला ठेवायची?

नवा पंखाही १२ व्होल्टचा, तेवढ्याच आकाराचा आणि तितकाच जाड, २५ मिलिमीटरचा, आणला होता. अगदीच निःशब्द पंखा मी मुद्दाम टाळला, कारण तो हवाही तितकीच कमी ओढतो आणि आवाज वाचवण्याच्या नादात डबा भाजून निघतो. जुन्या पंख्याच्या तारा आतल्या सर्किटच्या पाटीला थेट डाखलेल्या होत्या. त्या मधोमध कापून लाल तारेला लाल, काळीला काळी जोडली, डाख दिला आणि सांध्यांवर आवळून बसणारी नळी चढवली. चौकटीवरचा बाण बाहेरच्या दिशेला आहे ना, हे दोनदा पाहिले. तो उलटा बसला, तर गरम हवा आतच फिरते.

झाकण लावल्याशिवाय वीज द्यायची नाही, एवढे पथ्य शेवटपर्यंत पाळले. मग देव्हाऱ्यातली उदबत्ती आणून मागच्या जाळीपाशी धरली. धूर सरळ बाहेर ढकलला गेला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून विचारणा झाली, ‘‘अहो, यंत्रांची पूजा खंडेनवमीला झाली ना, मग आज काय?’’