ग्रांफू ते बातल : सेन्सर बदलण्याआधी वायर बघा

मनालीत ६,८०० रुपये मोजून बदलून घेतलेला क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरतंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा) मुळात खराब नव्हताच. हे कळलं दुसऱ्या दिवशी, मनालीहून स्पितीला जाताना छत्रूच्या पुढे, नाल्याच्या बर्फगार पाण्यात उभं राहून.

गाडी २००९ची, कॉमन रेल डिझेल, फोर बाय फोर. पुण्यापासून मनालीपर्यंत काही त्रास नाही. सोलंगच्या चढावर इंजिन एकदम बंद पडलं आणि दहा मिनिटांनी परत सुरू झालं. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी०३३५ कोड आला, ‘सेन्सर गया’ म्हणाला आणि बदलला. हा कोड सेन्सरच्या सर्किटचा असतो, म्हणजे त्यात वायर आणि कपलर (वायर जोडायचा प्लग) हेही आले. त्याने कपलरच्या मागे बघितलंच नाही. तसाच सेन्सर नंतर पुण्यात विचारला, तर २,१०० रुपये. ही सरळ लूट आहे.

अटल बोगदा झाला की ग्रांफूपासून हाल सुरू होतात. ग्रांफू ते बातल याला रस्ता म्हणू नका. डोक्याएवढे धोंडे, मधूनमधून वाहते नाले, आणि दर मिनिटाला गाडीचा सांगाडा हलतो. त्याच हादऱ्यांनी इंजिन पुन्हा गेलं. सेल्फ फिरतोय, पण आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नाही. तुमच्या गाडीत असं दिसलं तर डिझेल फिल्टर, पंप यांच्या मागे लागण्याआधी क्रँक सेन्सरची लाइन तपासा.

मेहुण्याकडे मल्टिमीटर होता. काढलेला जुना सेन्सर मी मागून घेतला होता, तो मोजला: ८६८ ओहम. गाडीतला नवा: ८६५. दोन्ही ठणठणीत! मग बॅटरीची निगेटिव्ह काढून ईसीएमच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, कपलरकडून मोजलं. वायर हलवली की आकडा गायब. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) वर एका ब्रॅकेटला घासून इन्सुलेशन गेलं होतं, तांबं हिरवं पडलं होतं आणि वायरीतल्या दोनच बारीक तारा शिल्लक होत्या.

हिरवा भाग कापून ताजं तांबं उघडं केलं, पीळ देऊन जोडलं. दोन वायरींचे जोड एकासमोर एक येऊ देऊ नका, आणि वरची जाळीची शील्ड सिग्नलच्या वायरला टेकू देऊ नका. वरून टेप, फाडलेल्या रबरी पाइपचा तुकडा, केबल टायने ब्रॅकेटपासून लांब. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू! मेहुण्याला मिठी मारली.

या सगळ्यात चार तास गेले आणि नाल्याचं पाणी चढलं. इथले नाले सकाळीच ओलांडा, दुपारी वर बर्फ वितळतो. मल्टिमीटर, टेप आणि दोन मीटर वायर नसेल तर जुनी गाडी या रस्त्यावर आणूच नका. फोनला रेंज नव्हती, मदत मागणार कुणाकडे?

कुंझुम, काझा, चंद्रताल सगळं झालं, छान झालं. परतीच्या वाटेवर गाडी एकदाही बंद पडली नाही. जुना सेन्सर आता स्पेअर म्हणून डॅशबोर्डच्या खणात आहे.