मंगेशीच्या वाटेवरचे चार पाय

गेलो होतो कुळदैवताच्या दर्शनाला, आणि दोन दिवस मोजत बसलो फुलपाखरांचे पाय.

आई अभिषेकाच्या पावतीसाठी रांगेत उभी होती. मी आणि भाची चिमी बाहेर. वाटेच्या कडेला रुईवर एक प्लेन टायगर बसलेलं, केशरी, पंखांच्या टोकांना काळं-पांढरं.

"मामा, ह्याला चारच पाय आहेत."

मी मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणालो, "कीटक म्हणजे सहा पाय. नीट मोज."

तिने पुन्हा मोजले. चारच. "मग पुस्तक चुकलंय," असं जाहीर करून ती मोकळी झाली.

संध्याकाळी अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, खिडकीखाली तसंच एक मेलेलं सापडलं. मुंग्यांनी ओढायला घेतलंच होतं. त्यांच्याकडून सोडवून ते वर्तमानपत्रावर ठेवलं आणि मोबाईलचा कॅमेरा अगदी जवळ नेला. डोकं, वक्ष, उदर. पंख आणि पाय सगळे वक्षालाच जोडलेले. उदराच्या वाट्याला पचन, अंडी आणि कडेने श्वासरंध्रांची रांग. फुप्फुसं नाहीतच, हवा नळ्यांतून थेट अंगभर. आणि वक्षाच्या पुढच्या टोकाला, छातीशी घट्ट दुमडलेली, इवलीशी केसाळ पायांची पहिली जोडी! प्लेन टायगर ज्या निम्फॅलिडी कुळातलं, त्या कुळाची ही खूणच. चालायला पाय चार. उरलेले दोन मादीच्या कामाचे: अंडी घालण्याआधी त्यांनी पानावर टकटक करून ती चव घेते. रुईसारखी चिकाची झाडंच हवीत, कारण अळी तो कडवट चीक खाऊन विष अंगात साठवते आणि पंख फुटल्यावरही ते जात नाही. एकदा चोच लावलेला पक्षी सहसा परत फिरकत नाही.

सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. कोशातून बाहेर येताना म्हणे तिच्या दोन वेगळ्या पन्हळी असतात. त्या जुळल्या की नळी होते. माझ्या बोटाला केशरी पूड लागली. ते पंखांचे खवले, समोरच्या घरावरच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले. आई म्हणाली, "आता त्याच हाताने प्रसाद घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी बोंडल्याला गेलो. अभयारण्य जेमतेम आठ चौरस किलोमीटरचं, पण सावली दाट. ओहोळाच्या ओल्या मातीवर ब्लू मॉर्मन क्षार शोषत बसलेलं. हेच ते निलवंत, 2015पासून आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. चिमी चिखलात ओणवी झाली.

"मामा, ह्याला सहा आहेत. सगळे टेकवलेत."

"हे पॅपिलिओनिडी कुळातलं. वेगळं घराणं."

"म्हणजे पुस्तकही बरोबर?" तिचा चेहरा पडला. तेवढ्यात रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला आणि निलवंत उडालं.