थंड दिवा, पेटलेला दिवा

व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो आणि दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती, एवढं शाळेपासून पाठ होतं. पण मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट आणि रोध मोजणारा मीटर) हातात घेऊन हेच दोन आकडे स्वतः काढायला बसले तेव्हा मला तीन संध्याकाळी लागल्या.

सुरुवात साध्या रेझिस्टरने केली, म्हणजे ठरावीक रोधाच्या छोट्या भागाने. त्याचा रोध अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतो. लाल, लाल, तपकिरी आणि शेवटी सोनेरी पट्टा, म्हणजे २२० ओहम, ५ टक्के इकडेतिकडे. तो १२ व्होल्टच्या पॉवर सप्लायला जोडला. व्होल्टेज मोजणं सोपं असतं: मीटरच्या दोन प्रोब रेझिस्टरच्या दोन टोकांना टेकवल्या की झालं. आकडा आला ११.९६ व्होल्ट. करंटसाठी मात्र सर्किट एका जागी तोडून मीटर मध्ये घालावा लागतो, कारण सगळा करंट मीटरमधूनच जायला हवा. तिथे ५४.८ आलं. भागाकार केला: ०.२१८ ओहम. गुणाकार केला: ६५५ वॅट.

गव्हाच्या दाण्याएवढ्या वस्तूत ६५५ वॅट! मीटरकडे पुन्हा पाहिलं, तर आकड्याशेजारी छोटं ‘मिलि’चं चिन्ह होतं. ५४.८ मिलिअँपिअर म्हणजे ०.०५४८ अँपिअर. आता रोध आला २१८ ओहम, पट्ट्यांशी जुळणारा, आणि शक्ती ०.६५५ वॅट. तेव्हापासून उत्तर खरं वाटतं का हे आधी बघते, दशांश नंतर.

पण ०.६५५ वॅटही त्या रेझिस्टरला जास्तच होते. तो पाव वॅटचा होता, म्हणजे झेपते त्याच्या अडीचपटीहून जास्त उष्णता त्याच्यावर पडत होती. बोट लावलं आणि चटका बसला. थोड्या वेळाने जळका वास येऊ लागला, तेव्हा वायर काढली. शक्तीचं गणित कशासाठी करायचं, हे मला त्या चटक्याने कळलं. रोध बरोबर निवडला तरी वॅट पाहिले नाहीत तर भाग जळतो.

दुसऱ्या संध्याकाळी मीटरचा फ्यूज उडाला. करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब मिलिअँपिअरच्याच सॉकेटमध्ये राहिली होती आणि मी तशीच ती सप्लायच्या दोन टोकांना लावली. करंट मोजताना मीटरचा स्वतःचा रोध जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे ते सरळसरळ शॉर्ट सर्किट झालं. नवा फ्यूज टाकेपर्यंत काम थांबलं. घरातल्या मुख्य लाइनवर हीच चूक जिवावर बेतू शकते, म्हणून हे प्रयोग मी फक्त १२ व्होल्टवर करते.

तिसऱ्या संध्याकाळी गाडीच्या इंडिकेटरचा दिवा घेतला, १२ व्होल्ट, २१ वॅट. आधी मीटर ओहमवर ठेवून दिव्याचा रोध थेट मोजला. ०.९ आला. प्रोब एकमेकींना टेकवल्या तर त्यांचाच ०.३ भरला, म्हणजे दिव्याचा उरला ०.६. त्यावरून हिशेब केला तर १२ व्होल्टला २० अँपिअर आणि २४० वॅट. दिव्यावर तर २१ लिहिलेलं! मीटर बिघडला असं वाटून मी तोच जुना २२० ओहमचा रेझिस्टर पुन्हा मोजला. मीटर ठीक होता.

मग लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून दिवा पेटवला आणि व्होल्टेज पायरीपायरीने वाढवत नेलं. २ व्होल्टला करंट ०.६५ अँपिअर, म्हणजे ३.१ ओहम. ६ व्होल्टला १.१८ अँपिअर, ५.१ ओहम. ११.८ व्होल्टला १.७१ अँपिअर, ६.९ ओहम. शक्ती २०.२ वॅट, छापलेल्या २१च्या अगदी जवळ. शेवटच्या पायरीला व्होल्टेज जवळपास दुप्पट झालं तरी करंट दीडपटही झाला नव्हता.

कारण दिव्याच्या तारेतच होतं. ती टंगस्टनची असते. पेटल्यावर तिचं तापमान दोन हजार अंशांच्या पुढे जातं आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. थंड तार ०.६ ओहमची, तीच तापल्यावर ६.९ ओहमची. मी मोजला होता तो विझलेल्या दिव्याचा रोध, आणि त्याच्यावरून पेटलेल्या दिव्याची शक्ती काढत होते.

ओहमचा नियम सांगताना आपण ‘वाहकाची भौतिक अवस्था कायम असेल तर’ असं सुरुवातीलाच म्हणतो. परीक्षेत मी ते इमानाने लिहीत असे, पण त्या शब्दांना काही वजन आहे असं कधी वाटलं नव्हतं. जॉर्ज ओहमने १८२७ मध्ये हा नियम पुस्तकरूपात मांडला. त्याआधीच्या प्रयोगांत रासायनिक बॅटरी स्थिर राहत नाही म्हणून त्याने बिस्मथ आणि तांबं या दोन धातूंच्या जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवून, तापमानातल्या त्या फरकातून करंट मिळवला. दोन्ही तापमानं न हलणारी, म्हणून व्होल्टेजही न हलणारं. माझा दिवा दर पायरीला बदलत होता, तेव्हा मला त्या माणसाची चिकाटी उमगली.

आणखी एक बारीक गोष्ट. सप्लायच्या टोकांना १२.० व्होल्ट होते, दिव्याच्या टोकांना ११.८. उरलेले ०.२ व्होल्ट वायर आणि मीटरने खाल्ले होते. १२.० धरून भागाकार केला असता तर दिव्याच्या रोधात तेही मिसळले असते. म्हणून ज्याचा रोध हवा, त्याच्याच टोकांना प्रोब लावायच्या.

शेवटी शक्ती दुसऱ्या दोन सूत्रांनीही काढून पाहिली. करंटचा वर्ग गुणिले रोध: २०.२. व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध: २०.२. दोन्हींत ६.९ ओहम घातला तेव्हाच ती एकमेकांशी जुळली. वहीत आता रोधाच्या प्रत्येक आकड्यापुढे मी तो किती व्होल्टला घेतला तेही लिहिते. २२० ओहमच्या रेझिस्टरपुढेसुद्धा.