ओबेर्नडोर्फ: आजोबांच्या माउझर पिस्तुलाच्या मागावर

दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीबरोबर इटलीत लढलेल्या आजोबांचे ७.६५ मिलिमीटरचे माउझर एचएससी पिस्तूल वारसाहक्काने आणि रीतसर परवान्याने माझ्याकडे आले, तेव्हा ते जिथे घडले ते जर्मनीतले, नेकार नदीकाठचे ओबेर्नडोर्फ पाहायचे ठरवले. पिस्तूल अर्थातच घरी ठेवले. ते परदेशी नेण्याचा विचारही कोणी करू नये, कारण तपासाला चांगले फोटो पुरतात.

स्टुटगार्टहून सिंगेनकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर होर्ब आणि रोटवाइल यांच्या दरम्यान हे गाव लागते. माउझरच्या रायफली तपासायला आलेल्या स्वीडिश निरीक्षकांमुळे ‘श्वेडनबाऊ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीत शस्त्रसंग्रहालय आहे. त्याच्या वेळा मोजक्याच असतात, त्यामुळे आधी पत्र पाठवून विचारून घ्यावे. मात्र आपल्या क्रमांकाचे पिस्तूल कोणाला दिले गेले, हे तिथे कळेल अशी आशा धरू नये. एप्रिल १९४५ मध्ये फ्रेंच सैन्याने गाव घेतले, पुढे कारखाना मोडून काढण्यात आला आणि त्याची बहुतेक कागदपत्रे नष्ट झाली.

म्हणूनच खरा दस्तऐवज म्हणजे पिस्तुलावरचे शिक्के, आणि ते निघण्यापूर्वीच वाचून ठेवावेत. परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून घ्यावी आणि मुठीच्या पुढच्या बाजूचा क्रमांक, स्लाइडवरचा (वरच्या सरकत्या भागावरचा) मजकूर व ट्रिगर गार्डच्या (चापाभोवतीच्या कड्याच्या) दोन्ही बाजू तिरप्या उजेडात टिपाव्यात. गरुडाच्या चिन्हाखालचा ‘एन’ हा बंदुकीच्या निर्धूर दारूने घेतलेल्या सक्तीच्या चाचणीचा शिक्का आहे. त्यावरून ‘नाझी अधिकाऱ्याचे पिस्तूल’ अशी कथा रचणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. गरुडाखाली १३५ असेल तर ते भूसेनेने स्वीकारलेले, ‘एम’ असेल तर नौदलाचे, आणि ‘एल’ किंवा ‘एफ’ असेल तर पोलिसांचे. युद्धानंतर फ्रेंच ताब्यातही काही एचएससी तयार झाली, त्यामुळे शिक्का आणि क्रमांक नेहमी एकत्रच पाहावेत. जुना पृष्ठभाग चकचकीत करून घेणे म्हणजे हा पुरावा घासून टाकणे होय.

पुढचा धागा भारतातच आहे. आजोबांचा सेवा क्रमांक आणि पेन्शनची कागदपत्रे जोडून बेळगावला रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करावा, आणि परवान्याची जुनी पुस्तिका जपून ठेवावी, कारण पिस्तुलाची भारतातली पहिली तारीखवार नोंद बहुधा तिच्यातच सापडते.