उताणा स्वभाव

मागच्या महिन्यात आमच्या मंडळीच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं समुपदेशनाचं ट्रेनिंग झालं, विषय होता टेम्परामेंट म्हणजे देवाने आईच्या पोटातच घडवलेला स्वभाव. आधार स्तोत्र १३९ चा. शिकवायला नागपूरहून एक पाळक आले होते आणि आम्ही दारव्हा, दिग्रसकडचे पंचवीसेक जण, त्यात मी पाळकीणबाई म्हणून पुढच्या खुर्चीवर.

सँग्विन, कोलेरिक, मेलँकली, फ्लेग्मॅटिक हे चार प्रकार जुनेच, ग्रीक वैद्यांच्या रक्त, पित्त, काळं पित्त आणि कफावरून आलेले. आमच्या एका आजोबांनी लगेच सांगून टाकलं की हे तर आमच्या वैद्याचंच, माझी कफ प्रकृती आहे. पाचवा प्रकार सुपाइन, तो रिचर्ड आणि फिलिस आर्नो या अमेरिकन ख्रिस्ती जोडप्याने जोडला. असा माणूस सेवा करत राहतो, आपल्याला काय हवं ते तोंडाने मागत नाही, आणि समोरच्याने ओळखलं नाही की आतल्या आत दुखावतो. आता स्वभाव ओळखायच्या प्रश्नांच्या फॉर्मचं मराठी ज्याने केलं त्याने सुपाइनला डिक्शनरी पाहून लिहिलं, उताणा स्वभाव! मागून एक आजी म्हणाल्या, "उताणा म्हंजे मेलेला का व बाई?" दहा मिनिटं कोणी शिकलंच नाही.

फॉर्मची मुळं विल शुट्झ या मानसशास्त्रज्ञाच्या १९५८ च्या फायरो-बी चाचणीत आहेत. माणूस तीन कप्प्यांत बघायचा, लोकांत मिसळणं, ठरवणं-हुकूम आणि जिव्हाळा, आणि प्रत्येकात तो बाहेर काय दाखवतो आणि आतून काय मागतो हे वेगवेगळं मोजायचं. मला हे फार आवडलं, कारण आमच्याकडे बाया दाखवतात एक आणि मागतात दुसरं (मी पण). स्वभाव बदलायचा नाही, त्याची भूक देवाला आवडेल अशा रीतीने कशी भागेल ते शोधायचं, असं सर सांगत होते. आणि कोणाच्या बोलण्यात जीव द्यायचा विचार आला तर नुसती प्रार्थना करून घरी पाठवायचं नाही, डॉक्टर गाठायचा, १४४१६ टेली-मानस या सरकारी मानसिक मदतीच्या हेल्पलाइनला फोन लावून द्यायचा. हे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणाला दोनदा सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी जोडीने सराव होता, माझ्या जोडीला एक मावशी. लोकांनी बोलवावं असं वाटते का? "बोलावलं त जातो, नाही त घरीच बरी." घरात कोण ठरवते? "बुडाच ठरवते." तुम्हाला ठरवावंसं वाटते का? मावशी नुसत्या हसल्या, मी आकडे टाकले, बेरीज केली, पक्क्या उताण्या. मग चहाला उठलो तर म्हणतात कशा, "कपाशीचं बियाणं कोणतं आणाचं थे मीच सांगतो बाई, आठ दिवस कानाशी बोलत रायतो, मंग बुड्याले वाटते त्यानंच ठरवलं."

आता ही बाई सुपाइन की हुकूम चालवणारी कोलेरिक? देवाने घडवलेलं किती आणि चाळीस वर्षं सासरी राहून शिकलेलं किती, हे त्या फॉर्ममध्ये कुठं कळते? सरांना विचारलं तर ते म्हणाले, पेपरवर जे आलं तेच धरा, बाकी पुढच्या भेटींत बोलताना निघेल. त्यांचंही बरोबरच असेल म्हणा, ट्रेनिंग तीन दिवसांचंच. मी बेरीज खोडली नाही, फक्त पेन्सिलने बाजूला लिहिलं, बियाणं मावशी ठरवतात.