झाकण घट्ट असू द्या

‘मूल बोलायला लागावं म्हणून कोणतं खेळणं घेऊ?’ असं आईबाबा विचारतात, तेव्हा त्यांना माझ्याकडून एखादं भारीतलं नाव ऐकायचं असतं. मी सांगते, फिरकीच्या झाकणाची पारदर्शक बरणी घ्या. तिच्यात मुलाच्या आवडीच्या चार-पाच गाड्या टाका आणि झाकण चांगलं घट्ट लावा. बहुतेकांचे चेहरे पडतात. स्पीच थेरपिस्टकडे यायचं, बाहेर बाकावर ताटकळायचं आणि शेवटी बरणी?

पण ही बरणी काय करते ते बघण्यासारखं असतं. समोर दीड-पावणेदोन वर्षांचं मूल आहे, दोन-तीन शब्दांच्या पुढे अजून न गेलेलं. बरणी दिली की आधी ते ती हलवतं. मग आपटतं. मग झाकण चावून बघतं, हे तर हटकून. गाड्या दिसतात, पण हाती लागत नाहीत. शेवटी ते बरणीवरून नजर उचलून माझ्याकडे बघतं, परत गाड्यांकडे, परत माझ्याकडे. माझ्या कामात या नजरेला फार किंमत आहे. ‘मला काय हवंय ते दिसतंय ना तुला?’ एवढं सगळं त्यात आलं, फक्त आवाज यायचा बाकी आहे. मी लगेच झाकण उघडत नाही. त्याच्या डोळ्यांत बघत गप्प बसते. मग ते बरणी माझ्या हातात कोंबतं, ‘अं! अं!’ करतं. ‘उघडू? उघड!’ मी म्हणते आणि झाकण फिरवता फिरवता पुन्हा, ‘उघऽऽड’. एक गाडी बाहेर येते. एकच. बाकीच्या आतच राहतात आणि झाकण परत लागतं, कारण सगळ्या गाड्या एकदम दिल्या की ते मूल गाड्या घेऊन कोपऱ्यात जाणार आणि माझी गरज संपणार. दोन-तीन गाड्यांनंतर कधी ‘उघ’ येतं, कधी नुसता ‘उ’. कधी काहीच येत नाही, मग पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मूल रडकुंडीला यायच्या आत मात्र उघडायचंच. आपल्याला त्याचा छळ करायचा नाहीये.

खेळणं निवडताना मी एवढंच बघते, की ते खेळायला मुलाला दुसरं माणूस लागतं का? साबणाचे फुगे माझ्या कपाटात कायम असतात ते याच कारणाने. लहान मुलांना ते नीट फुंकता येत नाहीत आणि बाटलीचं झाकणही उघडत नाही. चावीचं खेळणं चार उड्या मारून थांबतं, आणि छोट्या बोटांत पुन्हा चावी द्यायचा जोर नसतो. चेंडूला तर पलीकडे कुणीतरी हवंच. आणि बाळाच्या तोंडावर फडकं टाकून ‘भॉक!’ करायला काहीच विकत घ्यावं लागत नाही. जेरोम ब्रुनर या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात याच लपाछपीचा बारकाईने अभ्यास केला. खेळाचा क्रम ठरलेला, प्रत्येकाची पाळी ठरलेली, आणि काही महिन्यांत बाळच फडकं स्वतःच्या तोंडावर ओढून आपल्याला ‘भॉक’ करायला लागतं. आपण बोलायचं, थांबायचं, मग दुसऱ्याने बोलायचं. संभाषण याहून वेगळं काय असतं?

आता बोलणाऱ्या खेळण्यांबद्दल. बटण दाबलं की रंग सांगणारी, आकडे म्हणणारी, प्राण्यांचे आवाज काढणारी. खोक्यावर हमखास लिहिलेलं असतं की याने भाषाविकास होतो. अमेरिकेतल्या अ‍ॅना सोसा या संशोधिकेचा यावरचा एक छोटा अभ्यास २०१६ मध्ये ‘जामा पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात छापून आला. १० ते १६ महिन्यांची २६ बाळं, त्यांची आई किंवा बाबा, आणि खेळ त्यांच्या स्वतःच्याच घरात. कधी बॅटरीवरची बोलकी खेळणी दिली, कधी लाकडी कोडी आणि ठोकळे, कधी जाड पानांची पुस्तकं. मोठ्यांच्या तोंडून मिनिटाला सरासरी किती शब्द निघाले ते मोजलं. पुस्तकांबरोबर ६७, साध्या खेळण्यांबरोबर ५६, बोलक्या खेळण्यांबरोबर ४०. बाळाने आवाज काढला आणि मोठ्यांनी त्याला उत्तर दिलं, असंही बोलक्या खेळण्यांबरोबर कमी झालं. मला याचं मुळीच आश्चर्य वाटलं नाही. खेळणं बोलतंय म्हटल्यावर माणसं आपोआप गप्प होतात. पाहुण्यांसमोर अखंड बोलणारा काका असला की घरातले बाकीचे जसे नुसती मान डोलावत बसतात, तसं.

आणि यंत्राकडून ऐकलेलं बाळाच्या कामी कितपत येतं? अमेरिकेतल्या संशोधिका पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काहींना समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून, काहींना त्याच माणसांच्या चित्रफितीतून. माणसाबरोबर खेळलेली बाळं चिनीतल्या ध्वनींमधला फरक ओळखायला शिकली. चित्रफीत बघितलेली बाळं शिकली नाहीत.

म्हणून घरात तसलं खेळणं आलंच असेल तर ते टाकू नका, बॅटरी काढून ठेवा. आवाज बंद झाल्यावर गाई-कोंबड्यांचे आवाज काढणारी खेळण्यातली शेती ही फार छान शेती असते. गाईचं हंबरणं मग तुम्हालाच काढावं लागतं. (काढलेल्या बॅटऱ्या मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. बटणाएवढ्या चपट्या तर अजिबात नाही, त्या गिळल्या तर जिवावर बेततं. आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या बरणीतल्या गाड्याही घशात अडकणार नाहीत एवढ्या मोठ्या असू द्या.)

आईबाबांना सगळ्यात अवघड जातं ते थांबणं. मी म्हणते, फुगे फुंका, बाटली बंद करा आणि मनात दहा म्हणा. चारच्या पुढे कुणी जात नाही. ‘अजून हवे? हवे ना? बोल, हवे! अजून! बोल बाळा, अ-जून!’ सगळा संवाद एकट्यानेच उरकतात. आजी सोबत असेल तर तिचा जीव तर त्याहून आधी खाली-वर होतो, ती फुगे फुंकूनही मोकळी होते. प्रेमापोटीच करतात, ते कळतं मला. पण लहान मुलाला ऐकलेलं उमजून, काय म्हणायचं ते ठरवून, जीभ-ओठ हलवून आवाज काढायला आपल्यापेक्षा खूप जास्त वेळ लागतो, आणि नेमका तेवढाच वेळ आपण त्याला देत नाही. एक युक्ती बऱ्याच घरांत चालते. घसरगुंडीवर किंवा झोक्यावर नेहमी ‘एक... दोन... तीन!’ म्हणून सोडायचं. आठवडाभर असं झालं की एक दिवस ‘एक... दोन...’ म्हणून तोंड बंद. मूल डोळे मोठे करून बघतं. पुष्कळदा तिसरा आकडा त्याच्याकडून येतो. ‘ती’ आला तरी तीनच समजायचं आणि सोडायचं.

दुसरा त्रास प्रश्नांचा. वडील मुलाबरोबर जमिनीवर बसतात, इथपर्यंत उत्तम. मग सुरू होतं, ‘हा कोणता रंग? हे काय? गाय कशी करते? हा कितवा?’ उलटतपासणीच ती. बाबांना लाल रंग ठाऊक आहे हे मुलालाही ठाऊक असतं, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर द्यायची त्याला काही गरज वाटत नाही आणि मला त्यात त्याचं काही चुकतंय असं वाटत नाही. बरं, तेवढ्या वेळात मूल गाडी उलटी करून तिचं चाक बोटाने फिरवण्यात रंगलेलं असतं. मग चाकाबद्दल बोला ना! ‘चाक. गरगर फिरलं. थांबलं. परत गरगर.’ मूल ज्याकडे बघतंय त्याचं नाव घेतलं तर शब्द चांगला बसतो आणि त्याचं लक्ष दुसरीकडे ओढून सांगितलं तर तितका बसत नाही, हे टोमासेलो आणि फॅरर या संशोधकांनी १९८६ मध्येच दाखवून दिलंय. चार वाक्यं सांगा, मग हवा तर एखादा प्रश्न विचारा, तोही खरा. ‘आता कुठे न्यायची गाडी?’ हा खरा प्रश्न, कारण त्याचं उत्तर फक्त मुलाकडेच आहे.

गरगर, धाडकन, टुणकन, सुळकन, फुस्स... खेळताना या शब्दांची कंजुषी करू नका. काही पालकांना ते पोरकट वाटतात, ‘आम्ही त्याच्याशी शुद्धच बोलतो’ असं अभिमानाने सांगतात. पण ‘गाडी’ला ‘गाली’ म्हणणं वेगळं आणि गाडी धाडकन पडली म्हणणं वेगळं. पहिलं मोठ्यांनी टाळावंच. दुसरं मात्र मराठीतलं खणखणीत क्रियाविशेषण आहे आणि मुलाला ते कृतीला चिकटलेलंच ऐकू येतं. जपानीतही असे शब्द ढिगाने आहेत. तिथल्या मुत्सुमी इमाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं, की चालण्याच्या ढंगाशी मिळताजुळता नाद असलेलं नवं क्रियापद तीन वर्षांच्या मुलांना जास्त सहज कळतं.

मूल दोन शब्द जोडायला लागलं की मी मोठं पुठ्ठ्याचं खोकं काढते. खोक्यात, खोक्यावर, खोक्याखाली, खोक्यामागे. मराठीत हे सगळं शब्दाच्या शेपटाला लागतं आणि लहान मुलं शेपूट हमखास गाळतात. ‘चेंडू खोका’ असं आलं की ‘हो, चेंडू खोक्यात. आता खोक्यावर! पडला, खोक्यामागे गेला’ असं आपण बोलत राहायचं. तीच गोष्ट लिंगांची. मोठा चेंडू, मोठी गाडी, मोठं खोकं. ‘मोठी चेंडू’ म्हटलं म्हणून खेळ थांबवून ‘मोठी नाही, मोठा म्हण’ असं करू नका. ‘हो की, केवढा मोठा चेंडू!’ एवढं पुरे. त्याला बरोबर रूप ऐकायला मिळालं आणि खेळही चालू राहिला. स्वतः खोक्यात शिरून बसलेल्या मुलाला ‘आत’ आणि ‘बाहेर’ शिकवायला तर तक्ते लागत नाहीत.

खेळणी एका वेळी थोडी बाहेर ठेवा. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ मधल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी दिली, तर चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. बाकीची कपाटावर चढवा, पंधरा दिवसांनी अदलाबदल करा. इतकंच.

साधारण दोन वर्षांच्या आगेमागे ठोकळा कानाला लागतो आणि ‘हॅलो’ होतं. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगोत्स्की यांनी १९३३ मध्ये काठीचा घोडा करणाऱ्या मुलाचं उदाहरण दिलं होतं. काठी हातात, पण डोक्यात घोडा. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं तर ही ताकद लागतेच, म्हणून खोटं-खोटं खेळायला लागलेलं मूल पाहिलं की मला हायसं वाटतं. तीन-चार वर्षांच्या दोन मुली बाहुलीला घेऊन बसल्या की मी हळूच बाजूला होते आणि कान लावते. ‘ही आजारी हं. मी डॉक्टर हं. तू हिची आई हं, आणि तू रडायचं हं.’ प्रत्येक ‘हं’ सरशी एकेक खोटी गोष्ट दोघींमध्ये कबूल होत जाते. मग कारणं येतात, ‘ताप आला कारण ती भिजली’, आणि नियम येतात, ‘रडलीस तर सुई नाही देणार’. ‘कारण’ आणि ‘तर’ इतक्या सहज दुसऱ्या कुठल्या खेळात येताना मी ऐकलेलं नाही. अशा वेळी मोठ्यांनी मध्ये पडून ‘डॉक्टर थर्मामीटर आधी लावतात हं बाळा’ वगैरे अजिबात करू नये. तुम्हाला बोलावलं तर पेशंट व्हा आणि सांगतील तिथे झोपा.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत. वर्षाचं झालं तरी बाळ बडबडत नसेल, बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून स्वतःचं काही म्हणत नसेल. किंवा आधी येत असलेले शब्द कुठल्याही वयात गेले असतील, तर घरी खेळून वाट बघत बसू नका. ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ हे वाक्य मला नको. घरात दोन भाषा आहेत म्हणून असेल, हेही नको, दोन भाषांमुळे कुणाला वाचादोष होत नाही. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. दार आपटल्यावर दचकतो म्हणजे ऐकू येतं असं धरून चालू नका. दाराचा दणका कुठे आणि ‘स’चा बारीक आवाज कुठे! मधल्या कानात पाणी साठूनही ऐकणं मंद होतं, आणि जन्मल्यावर केलेली तपासणी ठीक असली तरी हे नंतर होऊ शकतं. ‘पण तो सांगणार कसा, ऐकू आलं की नाही ते?’ असं विचारतात. त्याला काही सांगावं लागत नाही, अगदी तान्ह्या बाळाचीही तपासणी होते. आधी ऑडिओलॉजिस्टची, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाची, वेळ घ्या. रिपोर्ट घेऊन या, खेळण्यांचं मग बघू.